सई की साई?

शब्दवेडी: एका नाट्यमहोत्सवाची श्रेयनामावली मराठीत उतरवतेय. यादी रोमन लिपीत आलीय. वेशभूषा करणारीचं नाव मी 'सई' लिहिलं. संयोजक म्हणतात 'साई' करा, सई असं नाव नसतं. रोमनमध्ये दोन्ही सारखीच. काय ठेवू? आणि हे नाव आलं कुठून?

वाटसरू: नसतं कसं? शिवाजी महाराजांच्या राणीसाहेब सईबाई, फलटणच्या निंबाळकरांच्या लेक, संभाजी महाराजांच्या आई. १६५९ साली राजगडावर वारल्या. संयोजकांना एवढं सांगा. मूळ 'सखी', प्राकृतात 'सही', मराठीत 'सई'.

कृष्णाकाठ: दधिचं दही झालं, 'दई' नाही. मग इथेच 'ह' कसा गळला? मला हे 'सय', म्हणजे आठवण, त्यावरून आलेलं वाटतं. आजी गेली त्या वर्षी जन्मलेल्या चुलतबहिणीचं नाव आमच्याकडे म्हणूनच सई ठेवलं.

रानजाई: गळतो हो. विठोबाच्या आरतीत काही घरी 'राही रखुमाबाई' म्हणतात, काही घरी 'राई'. राधिकेची राही, राहीची राई. जात्यावरच्या ओव्यांत बायका एकमेकींना 'सये' म्हणतात, तीच ही सई. हाक मैत्रिणीला मारतात, आठवणीला नाही.

कृष्णाकाठ: म्हणजे अपभ्रंशच झाला. मग सरळ 'सखी' ठेवावं.

रानजाई: अपभ्रंश म्हणू नका, तद्भव म्हणा. हात, दूध, काम जितके मराठी तितकीच सई. उलट 'सखी' पुस्तकातून आलेली वाटते.

दगडफूल: आमच्या लहानपणी सई परांजपे सोडल्या तर हे नाव कानावर नव्हतं. आता लेकीच्या वर्गातच दोघी आहेत. सई, जुई, ईरा अशी सुटसुटीत नावं लोकांना हवीशी वाटतात. लखनौला होतो तेव्हा शेजारी आमच्या लेकीचं सई हे नाव ऐकून विचारायचे, नदीवरून ठेवलंत का? तिकडे गोमतीला मिळणारी सई नदी आहे.

वाटसरू: शब्दवेडीताई, त्या मुलीलाच फोन करा. ती सांगेल तेच बरोबर.

शब्दवेडी: नंबर संयोजकांकडे आहे, आणि ते 'साई'वर अडून बसलेत.

रानजाई: दगडफूल, जुईचं बरं काढलंत! यूथिकेची हिंदीत जूही झाली, आपल्याकडे जुई. कृष्णाकाठ, इथेही 'ह' गळलाच ना?

कृष्णाकाठ: जुई मान्य. पण 'सय' कुठून आली ते कुणीच सांगितलं नाही. 'स्मृती'पासून असेल, तर मी माझं म्हणणं सोडत नाही.