सावजीत पहिल्यांदा जायचंय, काय मागवू आणि कसं खाऊ?

गुहागरची_मी
नमस्कार मंडळी, मिहानमधे नोकरी लागली म्हणून नागपूरला आलेय, वर्धा रोडच्या बाजूला राहते. मी मूळ गुहागरची, म्हणजे मासे, ओलं खोबरं, कोकम आणि तिरफळ यातच वाढले, मटण खाते पण आमच्याकडे ते वाटपाचं असतं आणि फार काही तिखट नसतं. इथे आल्यापासून कॅन्टीनचं पनीर आणि मॉलमधलं फूड कोर्ट एवढंच चाललंय आणि आता त्याचा खरंच कंटाळा आलाय कारण ते कुठल्याही शहरात मिळतं, मला इथलं खायचंय. ऑफिसात सावजीचं, म्हणजे इथल्या झणझणीत मसालेदार रस्स्याच्या भोजनालयांचं, नाव काढलं की सगळे पहिलं वाक्य हेच बोलतात की तुला झेपणार नाही, पण का झेपणार नाही, काय असतं त्यात, हे कोणी नीट सांगत नाही. परवा इतवारीत कापड घ्यायला गेले तेव्हा एका छोट्या भोजनालयाच्या बोर्डवर मटण, खूर, सुंदरी, कलेजी, खिमा, पाटोडी असं लिहिलेलं वाचलं, आत सगळे पुरुषच होते म्हणून बाहेरूनच परतले. तर एकट्या बाईने अशा ठिकाणी जावं का, गेलं तर पहिल्यांदा काय मागवावं, आणि माझी रूममेट शाकाहारी आहे, तिला सोबत नेता येईल का? मोठ्या हॉटेलातलं सावजी नको, जिथे इथले लोक जेवतात तिथलंच सांगा.

टिमकीवाला
ताई, झेपणार नाही म्हणणाऱ्या लोकायचं ऐकू नका. आम्ही कोष्टी, म्हणजे विणकर, आमच्या घरीच हातमाग होते, आजोबा लुगडे विणत. टाटांची एम्प्रेस मिल १८७७ ले सुरू झाली, मंग बाकीच्या मिला आल्या, पॉवरलूम आले, हातमागाले भाव राह्यला नाही. तवा आमच्या समाजातल्या किती तरी घरायनं समोरच्या खोलीत दोन बाकं टाकून भोजनालय सुरू केलं, स्वयंपाक घरच्या बायाच करत. म्हणून टिमकी, गोळीबार चौक, इतवारी ह्या जुन्या भागात जे सावजी आहे ते अजूनही घरासारखंच दिसते, पाटी लहान, जागा लहान, पण हांडी मोठी.

आता तिखटाचं. सावजीचं तिखट फक्त मिरचीचं नसते. धने, खसखस, सुकं खोबरं, मिरे, लवंग, कलमी म्हणजे दालचिनी, जायपत्री, दगडफूल हे सगळं भाजून वाटतात, त्याच्यात मिरचीचं तिखट आधी जिभेवर लागते आणि मिऱ्या-लवंगाचं मागून घशात उतरते, म्हणून नवीन माणसाले वाटते की हे थांबूनच नाही राह्यलं. वरून जुन्या पद्धतीत जवसाचं तेल, त्याचा वास तुम्हाले वेगळा लागन, पहिल्या दोन घासात नाही आवडला तरी तिसऱ्यापर्यंत थांबा. आता सगळेच जवसाचं तेल नाही वापरत, पाह्यजे असन तर विचारून घ्या, खरं सांगतात.

पहिल्यांदा हाफ प्लेट मटनच घ्या. खूर म्हणजे बकऱ्याचे पाय, ते लय वेळ शिजवा लागते आणि रस्सा चिकट होते, ते दुसऱ्या खेपेले. सुंदरी म्हणजे आतडं, त्याले थोडं चावा लागते, ज्याले भेजा-कलेजीची सवय आहे त्याले लगेच आवडते, पण तुमच्यासाठी सुरुवात तिथून नको. कलेजी चालन. मागवतानाच सांगा, तर्री कमी टाका. मंग वाढणारा पळी खाली नेऊन रस्सा काढते आणि वरचं तेल, म्हणजे तर्री, येत नाही, त्यानंच बरंच तिखट कमी होते. आणि रस्सा ताटात ओतून घेऊ नका, वाटीतच राहू द्या. ज्वारीची भाकर थोडी थोडी बुडवा, मधेमधे कांदा खा, लिंबू पिळा. भात शेवटी. रस्सा संपला तर बऱ्याच जागी पुन्हा वाढतात, लाजू नका.

महालची_लेक
एकटीनं जाण्याबद्दल मी सांगते, मी जाते. फरक वेळेचा आहे. संध्याकाळनंतर बऱ्याच सावजींमधे दारू पिणाऱ्यांची गर्दी असते, ते काही त्रास देतीलच असं नाही पण आरामात जेवता येत नाही हे खरं, म्हणून दुपारी साडेबारा-एकला जा. तेव्हा दुकानदार, कामगार, कोर्ट-कचेरीला आलेले लोक असतात, सगळ्यांना जेवून कामाला जायची घाई, कोणी तुमच्याकडे बघतही नाही. हांडीपण तेव्हाच उतरलेली असते, त्यामुळे ताजं मिळतं. काही ठिकाणी मागे फॅमिलीसाठी वेगळी खोली असते, आत शिरताना सरळ विचारा, "काकू, फॅमिली रूम आहे का?" स्वयंपाकाला किंवा गल्ल्यावर घरातली बाई दिसली तर मी निश्चिंत बसते.

आणि बसून खायचं धाडस पहिल्या वेळी नसेलच होत तर पार्सल घ्या, पण घरून स्टीलचा डबा न्या. गरम रस्सा आणि तेवढं तेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेणं मला अजिबात पटत नाही, चवही बिघडते. इथले कितीतरी लोक रविवारी डबे घेऊनच रांगेत उभे असतात.

सिव्हिल_लाईन्स
मला वेगळं वाटतं. नवीन माणसानं आधी एखाद्या स्वच्छ, एसी हॉटेलात सावजी खाऊन बघावं, मसाला सौम्य असतो, पोटाला सवय होते, मग गल्लीत जावं. पोट बिघडलं तर दोन दिवस ऑफिस बुडतं आणि मग सावजीचं नावच नको होतं. पाणी तरी स्वतःचं न्या.

टिमकीवाला
पाण्याचं बरोबर आहे, बाटली सोबत ठेवा. पण बाकी नाही पटलं भाऊ. हॉटेलातली ग्रेव्ही एकच, त्याच्यात काजूची पेस्ट नाही तर क्रीम टाकून तिखट मारतात आणि वरून सावजी म्हणून विकतात, ते खाऊन माणूस म्हणते हेच का ते, आणि पुन्हा जातच नाही. ताईनं तर लिहूनच दिलं आहे की मोठं हॉटेल नको. स्वच्छता पाहाची असन तर हे पाहा: हांडी चुलीवर उकळून राह्यली का, ताटं गरम पाण्यात धुतात का, आणि गर्दी आहे का. जिथं दुपारी दोनले मटन संपते तिथं शिळं राहाले जागाच नाही. चिरून ठेवलेला कांदा नका घेऊ, समोर चिराले सांगा. आणि तिखट लागलं तर पाणी ढोसू नका, त्यानं काहीच होत नाही, भात खा, ताक भेटलं तर ताक.

वऱ्हाडी_अमरावती
रूममेटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी स्वतः शाकाहारी आहे आणि सावजी खातो. पाटोडी रस्सा मागवा. बेसन शिजवून घट्ट गोळा करतात, ताटात थापतात, वर खसखस, खोबरं आणि सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, शंकरपाळ्यासारखे काप करतात. ते काप रस्स्यात उकळत नाहीत, वाढताना वरून रस्सा घालतात, म्हणून लगेच खायचं, फोटो काढत बसलं की पाटोडी रस्सा पिऊन फुगते आणि फुटते. दुसरं डाळकांदा, हरभऱ्याची डाळ आणि भरपूर कांदा त्याच मसाल्यात, हे मला पाटोडीपेक्षाही आवडतं कारण डाळ अख्खी राहते आणि मसाला आत मुरतो. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, मटण आणि पाटोडीचं स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी एकच असतं, पळ्याही त्याच असू शकतात. तिला चालत नसेल तर तिला ओढून नेऊ नका, फक्त शाकाहारी पाटोडी-रस्सा करणारी दुकानंही नागपुरात आहेत, तिथे दोघी जा.

आणि नुसत्या सावजीवर थांबू नका हो. वडाभात खाल्लाय का? भरड डाळींचे वडे भातावर कुस्करायचे, वरून हिंगाची कडकडीत फोडणी आणि सोबत कढी. हे हॉटेलात क्वचित मिळतं, ऑफिसातल्या कोणा विदर्भातल्या मैत्रिणीला सांगा, ती डब्यात आणेल. हिवाळ्यात सांबारवडी, तीही कढीबरोबर. आणि माठावरच्या लांब पोळ्या, पीठ इतकं सैल मळतात की बाई हातावर झेलत झेलत ती पोळी कोपरापर्यंत वाढवते आणि उलट्या माठावर टाकते, खायच्या आधी बनताना बघा.

गुहागरची_मी
इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. शनिवारी दुपारी गोळीबार चौकाकडे जायचं ठरवलंय, हाफ मटण, भाकरी, तर्री कमी. रूममेट म्हणाली की एकच स्वयंपाकघर असेल तर नको, तर तिच्यासोबत पाटोडी वेगळीकडे. अजून एक विचारते, तर्री पोह्यांची तर्री आणि सावजीची तर्री एकच का? सकाळी ते खाल्लं तर दुपारी मटण जाईल का?

महालची_लेक
एक नाही. पोह्यांवर काळ्या चन्याचा पातळ रस्सा असतो, तिखट असतो पण मसाला सावजीइतका जड नसतो, खाली पोहे, वर चना-तर्री, मग कच्चा कांदा आणि शेव किंवा चिवडा. लिंबू मागून घ्या. दोन्ही एकाच दिवशी नका करू, तिखटासाठी नाही तर तेलासाठी म्हणते. पोहे रविवारी खा आणि नऊच्या आत ठेल्यावर पोहोचा, उशीर झाला की पोहे उरतात पण चना संपलेला असतो आणि मग नुसतं लाल पाणी ओतून देतात.