होडीवरचे लाकडी भाग काढून प्लास्टिकचे घडीव भाग बसवावेत का?

मूळ मांडणी

होडीचा सांगाडा आणि फळ्या लाकडीच असाव्यात याबद्दल माझे दुमत नाही. माझा मुद्दा त्यांवर बसवलेल्या लहान भागांपुरता आहे. दोर अडकवायचे दुशिंगी खुंटे, कप्प्यांची चाके, वल्ह्याच्या कड्यातले बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि सुकाणूच्या खिळीभोवतीच्या चकत्या हे भाग सतत भिजतात, वाळतात, घासले जातात आणि होडीच्या इतर कोणत्याही भागाआधी निकामी होतात. लाकडातला ओलावा सुमारे 20 टक्क्यांच्या वर राहू लागला की कूज धरणारी बुरशी वाढू शकते, आणि या छोट्या भागांमध्ये लाकडाच्या नसांची टोके उघडी पडलेली असल्यामुळे पाणी नेमके तेथूनच आत शिरते.

आता जुना भाग मोजून, त्याचे रेखाटन करून, प्लास्टिकच्या अखंड लादीतून हव्या त्या मापाचा भाग कातून घेता येतो. उच्च घनतेचे पॉलिएथिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि पाण्यापेक्षा किंचित हलके असल्यामुळे हातातून निसटले तरी तरंगते. ॲसिटाल या कठीण, गुळगुळीत प्लास्टिकचे बुश वंगणाशिवाय फिरते. जेथे घर्षण आणि ओल एकत्र येतात तेथे लाकडाचा आग्रह धरणे मला होडीच्या हिताचे वाटत नाही.

प्रतिसाद : लाकडी होड्यांची दुरुस्ती करणारा

आपण भागाकडे पाहता आहात, पण तो ज्या लाकडावर बसतो त्या लाकडाचे काय होते, हे आपल्या मांडणीत कोठेच आलेले नाही. प्लास्टिकचा खुंटा स्वतः कुजणार नाही, हे मान्य. परंतु त्याच्या बुडाखाली शिरलेल्या पाण्याला वर वाळायला वाट उरत नाही, आणि पॉलिएथिलीनला सामान्य सीलंट किंवा रंग नीट चिकटत नसल्यामुळे ते पाणी आत शिरणार हे जवळजवळ ठरलेलेच असते.

नुकताच एका होडीवरचा असा खुंटा मी उघडला. वरून तो नव्यासारखा होता आणि स्टेनलेस स्क्रूची डोकी चकाकत होती, पण स्क्रू बाहेर काढला तेव्हा डोक्याखालचा भाग तासलेल्या पेन्सिलीसारखा निमुळता झालेला दिसला. स्टेनलेस पोलादाला त्याचा संरक्षक थर टिकवण्यासाठी प्राणवायू लागतो. ओल्या लाकडात कोंडलेल्या स्क्रूला तो मिळत नाही आणि तेथेच गंज खोल उतरतो. छिद्राभोवती काळे कडे पडले होते, अंगठ्याने दाबल्यावर लाकडातून पाणी आले. लाकडी खुंटा असता, तर वरचा रंग फुगल्यावरच मालकाने तो उघडून पाहिला असता.

दुसरे म्हणजे प्रसरण. तापमान 30 अंशांनी वाढले, तर पॉलिएथिलीनची एक मीटर लांबीची पट्टी साधारण 4 ते 5 मिलिमीटरने लांबते. लाकूड नसांच्या दिशेने तेवढ्यात एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच हलते. घट्ट बसवलेली पट्टी एक तर मध्येच फुगते, नाही तर स्क्रूची छिद्रे सैल करते.

प्रतिसाद : यंत्रावर सुटे भाग कातणारा

मूळ मांडणीशी मी बराचसा सहमत आहे, पण ‘प्लास्टिक’ या एका शब्दात सगळे कोंबू नये. त्रिमितीय छपाईत सर्रास वापरले जाणारे पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि उन्हात तापलेल्या गडद रंगाच्या डेकवर ते तापमान अशक्य नाही. शिवाय छापलेला भाग थरांच्या जोडावर सर्वात कमकुवत असतो. थर आडवे असलेल्या खुंट्याचे शिंग दोराच्या ओढीने त्याच रेषेवर तुटते. नायलॉन चिवट असले तरी पाणी शोषून फुगते. कोरडे असताना तंतोतंत बसलेले नायलॉनचे बुश पाण्यात राहिल्यावर दांडा जखडून धरते, म्हणून तेथे मी ॲसिटालच सुचवीन. उन्हात राहणारे पॉलिएथिलीन घ्यायचे असेल, तर काजळी मिसळलेले काळेच घ्यावे, पांढरे नव्हे.

प्रतिसाद : मूळ मांडणी करणारा

स्क्रूचा मुद्दा गंभीर आहे, पण त्याचा दोष भागावर टाकणे मला पटत नाही. लाकडी खुंट्याखालीही असेच पाणी साचते. छिद्र आधी मोठे पाडून, इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेने, भरून, मग त्यातच लहान छिद्र पाडले, तर ओल लाकडापर्यंत पोहोचत नाही. लांब पट्टीला गोल छिद्रांऐवजी लांबट छिद्रे ठेवली, तर ती मोकळेपणाने सरकते. ही जोडणीची कामे आहेत आणि ती कोणत्याही पदार्थासाठी करावीच लागतात.

लाकडी कप्पी म्हणजे कारागिराच्या हातची परंपरा, असेही येथे कोणी म्हणण्यापूर्वी एक नोंदवतो. अभियंते मार्क ब्रुनेल यांच्या आराखड्यावरून यंत्रकार हेन्री मॉडस्ले यांनी बांधलेल्या यंत्रांवर इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या नौदल गोदीत 1808 मध्ये वर्षाला सुमारे 1,30,000 कप्प्या होत होत्या. त्यांची चाके लिग्नम व्हायटीची असत. हे लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड आणि अंगच्याच राळेमुळे गुळगुळीत. पण त्याच्या झाडांच्या व्यापारावर आज आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रण आहे. ते सहज मिळत नसताना चाकासाठी मऊ लाकूड वापरून परंपरा पाळल्याचे समाधान मानण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद : लाकडी होड्यांची दुरुस्ती करणारा

कप्पीचे चाक आणि बुश यांबाबत माझी हरकत मागे घेतो. तेथे ॲसिटाल चांगले आहे. खुंट्याबाबत मात्र नाही. पॉलिएथिलीनवर सतत ताण राहिला, तर ते न तुटताही हळूहळू ताणले जाते, आणि रात्रभर लाटांवर हेलकावणाऱ्या होडीचा दोर त्या शिंगांवर असाच ताण ठेवतो. लाकूड तुटण्यापूर्वी बहुधा करकरते, त्याला नसांच्या दिशेने चीर दिसते. शिवाय ते मोडलेच, तर करवत आणि पटाशी एवढ्यावर जागेवरच दुसरे घडवता येते. कातीव भागासाठी यंत्र, लादी आणि ते रेखाटन हाताशी असावे लागते.

होडीच्या बाहेरच्या कडेला बसवलेल्या घासपट्टीबद्दल कोणीच बोललेले नाही. धक्क्यावर घासून झिजणे हेच तिचे काम आहे. ती प्लास्टिकची केली, तर झिजलेला प्रत्येक कण पाण्यातच जाणार आणि तो कुजणार नाही. होडी ज्या पाण्यावर चालते त्याचा विचार करून ही एक पट्टी तरी लाकडी राहू द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद : यंत्रावर सुटे भाग कातणारा

घासपट्टीचे पटले. सुकाणूच्या दांड्याबाबतही कोणी प्लास्टिकचा विचार करत असेल, तर करू नये. सागवानाचा ताठपणा पॉलिएथिलीनच्या सुमारे दहापट असतो. त्याच जाडीचा प्लास्टिकचा दांडा हातात वाकेल आणि सुकाणू उशिरा वळेल. खुंट्यासाठी ॲसिटालचा जाड भाग, डेकखाली रुंद धातूची पट्टी आणि आरपार बोल्ट अशी रचना मी करीन. फक्त स्क्रूवर तो कधीच सोडणार नाही.

प्रतिसाद : लाकडी होड्यांची दुरुस्ती करणारा

आरपार बोल्ट असेल, तर खुंटा सागवानाचाही तितकाच टिकतो. म्हणून तो बदलण्याचे कारण मला अजूनही दिसत नाही.