पेम्फिगसच्या रुग्णाची घरी शुश्रूषा कशी करावी? मदत हवी आहे

सासूबाईंना पेम्फिगस व्हल्गारिस आहे. कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते, तो हा आजार. संसर्गजन्य अजिबात नाही, तरी शेजारीपाजारी दारातूनच विचारपूस करतात. त्याचं त्यांना फार लागतं. स्टिरॉइड चालू आहे, रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषधही सुरू झालंय. औषधांचं डॉक्टर बघतायत, मला फक्त रोजच्या काळजीबद्दल विचारायचंय.

पाठीवरचे फोड फुटून ओल्या जखमा झाल्यात. पॅराफिन गॉज (जखमेला न चिकटणारी मेणचट जाळीदार पट्टी) ठेवून वरून सैलसर बँडेज गुंडाळते. चिकटपट्टी कुठेच नाही, ती काढताना चांगली कातडीही सोलून येते. वॉर्डातल्या सिस्टरनी पाठीखाली केळीचं पान अंथरायला शिकवलं: स्वच्छ धुऊन, पुसून, गुळगुळीत बाजू वर. त्याने खरोखर आराम पडतो. पण रात्री कूस बदलताना पान फाटतं आणि पहाटे चादर पाठीला चिकटलेली असते. कोमट सलाइनने भिजवत हळूहळू सोडवते, तेव्हा त्या नुसत्या ओठ घट्ट मिटून घेतात. बघवत नाही.

रात्रीसाठी पानाऐवजी तुम्ही काय अंथरलंत? काखेत हात घालून उठवलं की तिथेच नवा फोड येतो, मग धरायचं कुठे? तोंडातही जखमा आहेत. आंबट-तिखट बंद, स्टिरॉइडमुळे साखर वाढलीय म्हणून गोडही नाही. मऊ भात आणि मुगाचं कढण यांचा त्यांना आता कंटाळा आलाय. प्रथिनं पोटात जातील असं आणखी काय देता येईल?

ज्यांनी घरी किंवा वॉर्डात हे केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.