मदत हवी आहे: मिररलेससाठी छोटी, हलकी झूम लेन्स सुचवा

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. मिररलेस कॅमेऱ्यासाठी छोटीशी, वजनाला हलकी झूम लेन्स हवी आहे. व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय, प्रत्येक जण वेगळीच लेन्स सर्वोत्तम म्हणून सांगतो. माझा वापर बहुतेक बाहेर, चालता चालता. दिवसभर कॅमेरा गळ्यात असतो आणि दुपारनंतर मान धरते, त्यामुळे वजन हा पहिला मुद्दा. फोटो आत्ता येतात त्यापेक्षा बरे यायला हवेत. लांबलचक नळकांडं नको. पुढच्या आठवड्यात निघायचंय, तोवर हातात हवी. एकच नाव सांगा, लगेच मागवतो.

छायाप्रकाश
कॅमेरा कुठला? माउंट (लेन्स अडकवायची खोबण, कंपनीगणिक वेगळी) कळल्याशिवाय नाव सांगणं अशक्य आहे.

निळी_शाई
मीही हेच विचारायला आले. कॅमेरा कोणता, सध्या कोणती लेन्स लावता आणि फोटो कशाचे काढता, एवढं लिहा. 'आत्ता येतात त्यापेक्षा बरे' म्हणजे आत्ता कशाने येतात?

भिंगरी
हलकी हवी तर फार विचार करू नका, घडी होऊन आत जाणाऱ्या किट लेन्सच घ्या. सोनीची १६-५० (मिमीतली फोकल लेंग्थ; आकडा छोटा तितकी नजर रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ) फक्त ११६ ग्रॅम, निकॉन झेडची डीएक्स १६-५० म्हणजे १३५ ग्रॅम, फुजीची एक्ससी १५-४५ सुद्धा १३५. खिशात मावतात. लोक उगाच नावं ठेवतात त्यांना.

पाऊलवाट
सोनी आहे.

छायाप्रकाश
अहो, सोनीत फुल फ्रेम (मोठा सेन्सर) की एपीएस-सी (त्याहून लहान)? ए७सी असेल तर २८-६० बघा, १६७ ग्रॅम, फुल फ्रेमसाठी याहून हलकी झूम सोनीत नाही. पण ६००० मालिकेतला कॅमेरा असेल तर तीच लेन्स ४२-९० सारखी वागेल, म्हणजे समोरचा डोंगर चौकटीत मावणारच नाही. म्हणून मॉडेल विचारतोय.

पाऊलवाट
अल्फा ६४००. आणि भिंगरी, १६-५० माझ्याकडे आहेच, कॅमेऱ्याबरोबर आलेली. तीच तर बदलायची आहे!

कडक_ऊन
मग प्रश्न मिटला. सिग्मा १८-५० एफ/२.८. सुमारे २९० ग्रॅम, पुढे ५५ मिमीचा फिल्टर, पूर्ण रेंजभर एफ/२.८ (हा आकडा छोटा तितकं प्रकाशाचं छिद्र मोठं). तुमची किट ५० ला एफ/५.६ वर जाते, म्हणजे सिग्मा तिथे चौपट प्रकाश आत घेते. माझ्या कॅमेऱ्यावर ती लागल्यापासून उतरलेली नाही. डोळे मिटून घ्या.

सह्यगिरी
डोळे मिटून अजिबात घेऊ नका. ६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही आणि सिग्मा १८-५० मध्येही नाही. म्हणजे दोन्हीकडून शून्य. टॅमरॉन १७-७० एफ/२.८ घ्या. व्हीसी (टॅमरॉनचं स्टॅबिलायझेशन) आहे, ७० पर्यंत पोचते, रुंद बाजूलाही एक मिमी जास्त मिळतो. मी लग्नसमारंभापासून जंगलापर्यंत सगळीकडे हीच वापरतो.

कडक_ऊन
सह्यगिरी, १७-७० ५२५ ग्रॅम आहे! धागाकर्ते मान दुखते म्हणतायत. ६४०० स्वतः ४०३ ग्रॅम, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याहून जड. एकत्र ९२८ ग्रॅम गळ्यात. सिग्माबरोबर सातशेच्या आत बसतं.

सह्यगिरी
दोनशे पस्तीस ग्रॅमच्या फरकासाठी स्टॅबिलायझेशन सोडायचं? संध्याकाळी १/१५ सेकंदाच्या शटरवर कॅमेरा हातात धरून फोटो काढून दाखवा, मग बोलू.

कडक_ऊन
१/१५ वर माणूस हलला तर तुमचं व्हीसी काय करणार? ते हाताची थरथर थांबवतं, समोरच्याची हालचाल नाही. एफ/२.८ असेल तर शटर वाढवता येतं, तेच खरं कामाचं.

सह्यगिरी
टॅमरॉनसुद्धा एफ/२.८ आहे, हे विसरलात.

आकाशकंदील
माझं मत वेगळं आहे. वजनच नको असेल तर सोनी सोडा आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये (एपीएस-सीहून लहान सेन्सरचे कॅमेरे) या. पॅनासॉनिक १२-३२ अवघी ७० ग्रॅम. ऑलिंपसची १२-४५ एफ/४ प्रो २५४ ग्रॅम, पाण्याधुळीपासून संरक्षित, कडेपासून कडेपर्यंत खणखणीत. मी पूर्ण संच बदलला आणि खांद्यावरचं ओझं उतरलं.

छायाप्रकाश
त्यांना पुढच्या आठवड्यात निघायचंय, अख्खी यंत्रणा कुठे बदलायला सांगता. शिवाय त्या सेन्सरवरचा एफ/४ पार्श्वभूमी धूसर करण्याच्या बाबतीत फुल फ्रेमच्या एफ/८ सारखा. एपीएस-सीवरचा एफ/२.८ साधारण एफ/४.२ सारखा.

आकाशकंदील
एक्स्पोजरला एफ/४ म्हणजे एफ/४ च, सेन्सर कुठलाही असो. ज्याला डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत स्पष्ट हवाय त्याला धूसर पार्श्वभूमीचं काय?

छायाप्रकाश
एक्स्पोजर तेच, पण सेन्सरवर पडणारा एकूण प्रकाश तेवढा नाही, म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवला की दाणे दिसतात. असो, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

शुभ्र_कापूस
अवांतर: कुठलीही लेन्स घ्या, पण दमट हवेत बुरशीपासून जपा. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या म्हणजे ओल्या झालेल्या कळतात. कातडी केसमध्ये बंद करून महिनोन्महिने ठेवू नका. एकदा काचेच्या आत जाळं धरलं की साफ करणं आपल्या हातात राहत नाही आणि कोटिंगवर डाग कायमचे राहू शकतात. मी पोटतिडकीने सांगते, कारण चांगल्या लेन्सा अशा वाया गेलेल्या पाहिल्या आहेत.

निळी_शाई
पाऊलवाट, माझा प्रश्न अजून तसाच आहे. फोटो कशाचे काढता? आणि १६-५० चं नेमकं काय आवडत नाही? हे कळलं नाही तर इथे प्रत्येक जण आपापली लेन्सच सांगत राहील.

पाऊलवाट
डोंगरात फिरतो, रानफुलं टिपतो. हे लिहायचं राहून गेलं. मोठी फुलं नाहीत, गवतात दडलेली नखाएवढी. ५० वर घेऊन शक्य तितकं जवळ जातो, तरी फूल चौकटीत एवढुसं येतं, मग घरी कापून मोठं करावं लागतं आणि तपशील जातो. शिवाय मोकळ्या माळाचे फोटो काढले की कडा मऊ येतात. आणि अधूनमधून छोट्या चित्रफिती, वाऱ्यावर डोलणाऱ्या गवताच्या वगैरे. आता तरी नाव सांगा, दिवस थोडे आहेत.

निळी_शाई
ही माहिती वर असती तर निम्मे प्रतिसाद वेगळे आले असते. आता एक काम करा. जुने फोटो संगणकावर उघडा आणि कुठल्या फोकल लेंग्थला किती काढलेत ते बघा. प्रत्येक फोटोच्या माहितीत ते नोंदलेलं असतं. आपण काय वापरतो असं वाटणं आणि खरं काय वापरतो यात फरक असतो.

कडक_ऊन
फुलांसाठी तर सिग्माच! १८ ला १२.१ सेंमीवर फोकस होते, सेन्सरवर १:२.८ एवढी मोठी प्रतिमा, म्हणजे खऱ्या आकाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त. चौकटीत साधारण साडेसहा सेंमी रुंदीचा भाग भरतो. किट ०.२१५ पटीवर थांबते, तिथे जवळजवळ अकरा सेंमी.

रानवाटेची_माती
इथे मला बोलू द्या, मी फुलंच टिपते. ते १२.१ सेंमी सेन्सरपासून मोजलेलं अंतर आहे. त्यातून लेन्सची लांबी आणि माउंटची खोली वजा केली की काचेपुढे जेमतेम अडीच-तीन सेंमी उरतात. लेन्सच्या तोंडावरचं हूड काढावंच लागतं. लेन्सची सावली बरोबर फुलावर पडते, आजूबाजूचं गवत काचेला घासतं आणि धक्क्याने फूल हलतं. वर १८ ची रुंद नजर, म्हणजे मागचा सगळा पसारा चौकटीत येतो. फूल त्याच्या जागेसकट, मागे डोंगर असं दाखवायचं असेल तर तो कोन सुंदर दिसतो, त्यासाठी मीही वापरते. पण एकटं फूल हवं तर ५० ला यावं लागतं आणि तिथे किमान अंतर ३० सेंमी होतं, म्हणजे तो १:२.८ चा फायदा गेला.

सोनीची १८-१३५ बघा. ३२५ ग्रॅम, ओएसएस (सोनीचं स्टॅबिलायझेशन) आहे, आणि १३५ ला ४५ सेंमीवरून ०.२९ पट प्रतिमा. चौकटीत आठ सेंमी. आकड्यात सिग्मापेक्षा थोडी मागे, पण लांबून मिळते, त्यामुळे सावली नाही आणि फूल हलत नाही. लांब फोकल लेंग्थमुळे मागचं गवतही विरघळून जातं. कड्यावर उगवलेलं, हाताला न लागणारं फूलही टिपता येतं.

कडक_ऊन
पण १३५ ला एफ/५.६. अंधार पडला की काय?

रानवाटेची_माती
जवळून फूल टिपताना मी एफ/८ च्या आसपासच असते. एफ/२.८ ला एक पाकळी स्पष्ट आणि बाकीच्या गायब. उघडं छिद्र घरातल्या, रात्रीच्या फोटोंना उपयोगी, आणि त्यासाठी तुमची सिग्मा उत्तमच आहे. पण त्यांनी घरातल्या फोटोंबद्दल काही विचारलेलं नाही.

सह्यगिरी
ओएसएसला अनुमोदन. कॅमेरा हातात धरून चित्रफीत काढायची तर ६४०० ला लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हवंच. चालत काढली तर तेही पुरणार नाही, उभं राहून काढा. बॉडीत स्टॅबिलायझेशन हवं तर ६६०० किंवा ६७०० घ्यावा लागेल.

भिंगरी
मी अजूनही म्हणते की कडा मऊ येतात त्याला १६-५० एकटी जबाबदार नाही. एफ/८ ला काढून बघा, पुष्कळ सुधारतात. आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर संगणकावर लेन्स प्रोफाइल (लेन्सचे दोष दुरुस्त करणारी सोय) सुरू आहे ना ते तपासा. ती लेन्स १६ ला सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीवर अवलंबून आहे. प्रोफाइल बंद असेल तर चित्र मधोमध फुगलेलं आणि कोपरे काळे दिसतात.

पाऊलवाट
निळी_शाई ताई, बसलो आणि मोजले. बहुतेक सगळे ५० ला, आणि त्यातले निम्म्याहून जास्त नंतर कापलेले. १६ ला फार थोडे, तेही डोंगरांचे. मधल्या आकड्यांना जवळजवळ काहीच नाही. मला वाटायचं मी सगळीकडे वापरतो. भिंगरी, जेपेगच काढतो, एफ/८ करून बघतो.
१८-१३५ कडे कल झालाय. पण १६ ऐवजी १८ ने डोंगर मावेल ना?

छायाप्रकाश
नजरेचा कोन ८३ अंशांवरून ७६ वर येतो. अरुंद दरीत किंवा किल्ल्याच्या दरवाज्यात उभं राहिलात तर जाणवेल, माळावर नाही. १६-५० विकू नका. घडी करून खिशात टाका, लागली की लावा. दोन्ही लेन्सा मिळून ४४१ ग्रॅम, एकट्या टॅमरॉनहून कमीच, आणि गळ्यात एका वेळी एकच. मान दुखते तर सोबतचा अरुंद पट्टाही बदला. रुंद पट्टा तिरका, एका खांद्यावरून विरुद्ध कुशीत घेतला की भार मानेवर येत नाही. माझ्या मते लेन्स बदलण्याआधी करायची गोष्ट ती आहे.

रानवाटेची_माती
आणखी एक. १८-१३५ चा फिल्टरही ५५ मिमी. त्यावर रेनॉक्सची डीसीआर-१५० ही क्लोजअप लेन्स चिमट्याने बसते, ५२ ते ६७ मिमीपर्यंत चालते. तिची ताकद ४.८ डायऑप्टर. १३५ ला फोकस अनंतावर ठेवला तरी प्रतिमा साधारण ०.६५ पट होते, म्हणजे चौकटीत साडेतीन सेंमीचा तुकडा. नखाएवढं फूल भरभरून दिसतं, परागकोशसुद्धा सुटे दिसतात. आणि समोर साधारण वीस सेंमी मोकळे राहतात. फक्त ती लावली की लांबचं काही फोकस होत नाही, फूल झालं की काढून ठेवायची. वारा असेल तर बर्स्टवर (सलग फोटो) ठेवा आणि कॅमेराच किंचित पुढे-मागे करा, फोकसच्या मागे लागू नका.

कडक_ऊन
०.६५ पट? हे मला माहीत नव्हतं. सिग्माला लावली तर?

रानवाटेची_माती
बसेल, पण ५० ला जेमतेम पाव पट मिळेल. क्लोजअप लेन्सचा फायदा फोकल लेंग्थ लांब असेल तेवढा जास्त. म्हणूनच १३५.

पाऊलवाट
१८-१३५ मागवली, पट्टाही मागवला. रेनॉक्स निघायच्या आधी पोचते का बघतो, नाहीतर आल्यावर. माती ताई, तो वाऱ्याचा मुद्दा फार कामाचा आहे, मी दर वेळी फोकसचीच वाट बघत बसायचो. सगळ्यांचे आभार.

वेलदोडा
धागा वाचून मलाही मोह झाला. माझ्याकडे ए७सी आहे, १८-१३५ चालेल का?

छायाप्रकाश
बसेल, पण ती एपीएस-सीची लेन्स आहे. कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरेल आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतील. तुमच्यासाठी टॅमरॉन २८-२००, ५७५ ग्रॅम. वजन चालणार असेल तर. आधी सांगा, फोटो कशाचे काढता?