गोल्फसाठी फोर्ज्ड ब्लेड आयर्न घ्यावेत का?

प्रश्न:
माझा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) ५ आहे. कॅव्हिटी-बॅक आयर्नने (मागून पोकळ डोक्याच्या क्लबने) शॉट ठीक बसतात, पण चेंडू खाली ठेवायचा किंवा डावीकडे वळवायचा म्हटलं की हवं तसं होत नाही. पूर्ण ब्लेड (मागून भरीव, पातळ डोक्याच्या आयर्नचा) सेट घ्यावा का? फोर्ज्डचा (ठोकून घडवलेल्या क्लबचा) मऊपणा खरंच जाणवतो?

उत्तर १:
हँडिकॅप बाजूला ठेवा. क्लबच्या तोंडावर पावडर स्प्रे मारून ७ आयर्नने (७ क्रमांकाच्या क्लबने) चेंडू मारा आणि ठसे बघा. नाण्याएवढ्या जागेत जमले तर ब्लेड घ्या. टोकाकडे पसरत असतील तर थांबा, कारण ब्लेडमध्ये वजन मध्याजवळ असतं. फटका बाजूला बसला की डोकं वळतं आणि अंतर लगेच घटतं.

लॉफ्टही (क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा) तपासा. ब्लेडचा ७ आयर्न साधारण ३४-३५ अंशांचा असतो, अंतरासाठी बनवलेले सेट ३० किंवा त्याहूनही कमी. आकडा तोच, क्लब वेगळा! मला तर ४ आयर्न ब्लेड नकोच वाटतो. ७ पासून वेजपर्यंत (जवळच्या फटक्यांच्या सर्वात तिरक्या क्लबपर्यंत) ब्लेड, ७ पेक्षा कमी क्रमांकाचे त्याच कंपनीचे कॅव्हिटी-बॅक, आणि दोन्ही जुळतात तिथे लॉफ्टमधलं अंतर सारखं करून घ्यायचं. फोर्ज्डचं मऊ कार्बन पोलाद वाकवता येतं, त्यामुळे हे सोपं जातं. माझ्या मते फोर्ज्डचा खरा फायदा हाच.

उत्तर २:
मऊपणा बराचसा आवाजातून जाणवतो. शाफ्ट (क्लबचा दांडा) मात्र आधी ठरवा.

प्रश्नकर्ता:
६ आयर्नचे ठसे टोकाकडे आहेत, ८ चे मध्यात. मिश्र सेटच घेतो.