चार लेअरच्या सर्किट बोर्डात तिसरा लेअर कशाला: ३.३ व्होल्टचा प्लेन (तांब्याचा सलग थर) की दुसरा ग्राउंड?

नवखा_रूटर
बोर्ड १०० × ८० मिमी, जाडी १.६ मिमी, चार लेअर. १४४ पायांचा एसटीएम३२एच७४३ मायक्रोकंट्रोलर, आरएमआयआयवर (कंट्रोलर आणि इथरनेट चिपमधला दुवा) इथरनेट, मायक्रोएसडी, दोन आरएस-४८५ सीरियल पोर्ट. १२ व्होल्टवरून बकने (व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर) ५ व्होल्ट (२ अँपिअर), त्यावरून दुसऱ्या बकने ३.३ व्होल्ट (१.२ अँपिअर).
सध्याची मांडणी सिग्नल–ग्राउंड–पॉवर–सिग्नल. एल३ वर (म्हणजे तिसऱ्या लेअरवर) ३.३ आणि ५ व्होल्टचे दोन तुकडे आहेत. जागेअभावी आरएमआयआयच्या चार ट्रेस (तांब्याच्या रेघा) एल४ वर गेल्यात आणि नेमक्या त्या दोन तुकड्यांमधल्या फटीवरून जातात. डीआरसीला (सॉफ्टवेअरची नियम-तपासणी) काही वावगं दिसत नाही. असंच पाठवू की एल३ सुद्धा ग्राउंड करू?

ताम्रपट
असंच पाठवू नका. डीआरसी अंतरं, रुंदी असे नियम तपासतं, परतीचा करंट (ट्रेसमधून गेलेला करंट उगमाकडे परततो तो) कुठून येतो ते त्याला कळत नाही.
१.६ मिमीच्या नेहमीच्या चार-लेअर बोर्डात बाहेरचे प्रीप्रेग (थर चिकटवणारं पातळ इन्सुलेशन) ०.२ मिमीच्या आसपास असतात आणि मधला कोअर (इन्सुलेशनचा कडक गाभा) १ मिमीहून थोडा जास्त. म्हणजे एल३ हा एल४ ला चिकटून, पण एल२ पासून लांब. एल४ वरच्या ट्रेसचा परतीचा करंट एल३ मधूनच वाहणार, तिथे ग्राउंड असो वा ५ व्होल्ट. वाटेत फट आली की तो वळसा घालतो. त्या वळशाच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे अँटेना, आणि चारही ट्रेसचे वळसे एकाच वाटेने गेले तर क्रॉसटॉक (एका ट्रेसचा सिग्नल दुसरीत घुसणं) वेगळाच. ५० मेगाहर्ट्झ क्लॉक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्रास सिग्नलच्या एका नॅनोसेकंदात चढणाऱ्या कडेचा आहे.
दुसरं दुखणं व्हायापाशी (लेअर जोडणारं तांब्याचं भोक). ट्रेस एल१ वरून एल४ वर उतरली की परतीच्या करंटलाही एल२ वरून एल३ वर यावं लागतं. दोन्ही ग्राउंड असतील तर शेजारी मिलीमीटर-दीड मिलीमीटरवर दोन्ही ग्राउंड जोडणारी एक स्टिचिंग व्हाया दिली की झालं. एल३ पॉवर असेल तर जवळचा डीकपलिंग कपॅसिटर (पॉवर आणि ग्राउंडमधला) हाच पूल. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, पॅड आणि व्हाया धरून १ नॅनोहेन्री पकडा: १६ मेगाहर्ट्झच्या पुढे तो इंडक्टरच आहे, १०० मेगाहर्ट्झला ०.६ ओहम.
माझी मांडणी: एल१ सिग्नल आणि पॉवर, एल२ ग्राउंड, एल३ ग्राउंड, एल४ सिग्नल आणि पॉवर.

एक_औंस
पॉवर प्लेन इतक्या सहज उडवू नका. या चिपला चारही बाजूंनी पॉवरचे पाय आहेत, ३.३ व्होल्ट ट्रेसने फिरवायचं म्हणजे रूटिंगचा चुराडा. शिवाय पॉवर आणि ग्राउंड प्लेनच्या जोडीचं कपॅसिटन्स जातं आणि व्होल्टेज ड्रॉप वाढतो, ते वेगळंच.

ताम्रपट
रूटिंगचा मुद्दा मान्य, बाकीचे दोन आकड्यांत टिकत नाहीत.
१.०६ मिमी कोअर आणि एफआर४ चा (बोर्डाचं मटेरियल) डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.५ धरला तर दर चौरस सेंटिमीटरला ३.८ पिकोफॅरड. अख्खा ८० चौ. सेंमी. बोर्ड व्यापला तरी ३०० पिकोफॅरड. एका १०० नॅनोफॅरडपुढे ते कुठेच नाही. जोडीचं कपॅसिटन्स कामाला येतं ते दोघांत ०.१ मिमी किंवा कमी अंतर असेल तेव्हा, आणि ते सहा-आठ लेअरच्या बोर्डात.
ड्रॉपचं बघा: एक औंस जाडीच्या तांब्याच्या एका चौकोनाचा (लांबी-रुंदी सारखी) रोध सुमारे ०.५ मिलीओहम. ५ मिमी रुंद, ६० मिमी लांब पट्टी म्हणजे १२ चौकोन, ६ मिलीओहम. १.२ अँपिअरला ७ मिलीव्होल्ट. एवढ्यासाठी लेअर खर्ची घालायचा?
चिपखाली एल४ वर ३.३ चा तांब्याचा ओतीव तुकडा द्या. पायापासून कपॅसिटर, कपॅसिटरपासून व्हाया खाली त्या तुकड्याला. कपॅसिटरच्या ग्राउंड पॅडला स्वतःची व्हाया हवी, दोन कपॅसिटरांत एक वाटून घेऊ नका.

एक_औंस
बरं, चिपखालचा तुकडा चालेल. पण या तुकड्याच्या जागेतून एल४ चे सिग्नल जाणार नाहीत, म्हणून प्लेसमेंट आधी आणि आरएमआयआय सर्वांत पहिल्यांदा रूट करा. इथरनेटची फाय चिप (केबलकडचे सिग्नल सांभाळणारी) बोर्डाच्या कंट्रोलर असलेल्याच बाजूला येत असेल तर त्या चार ट्रेस एल१ वरच राहतील आणि निम्मा वाद संपेल. क्लॉकच्या उगमापाशी ३३ ओहमच्या रेझिस्टरची जागा ठेवा.
आणि दोन ग्राउंड ठेवून सिग्नल-पॉवरच्या व्हायांची सलग रांग लावू नका. अँटीपॅड (व्हायाभोवती प्लेनमध्ये सोडलेली मोकळी जागा) एकमेकांत मिसळले की प्लेनमध्ये चीर पडते, मग एवढा खटाटोप करून पुन्हा तीच फट. दोन अँटीपॅडमध्ये तांबं शिल्लक राहतंय ना, ते गर्बर व्ह्यूअरमध्ये (कारखान्याला द्यायच्या फाइल दाखवणारं सॉफ्टवेअर) एल२ आणि एल३ उघडून डोळ्यांनी पाहा.

नवखा_रूटर
फाय चिप कंट्रोलरच्या बाजूला आणली, आता एल४ वर फक्त आरएस-४८५ आणि एलईडी आहेत. पुढच्या आवृत्तीत १०० मेगाहर्ट्झची ३२ बिट एसडीरॅम मेमरी येणार आहे, हीच मांडणी चालेल?

ताम्रपट
तेव्हा सहा लेअर घ्या: सिग्नल–ग्राउंड–सिग्नल–पॉवर–ग्राउंड–सिग्नल. त्यात एल४ आणि एल५ जवळ ठेवा, म्हणजे पॉवर-ग्राउंडची जोडी खरोखर कामाची होते. एल३ आणि एल४ मध्ये जाड थर येऊ दे, नाहीतर एल३ चे सिग्नल पॉवरच्या तुकड्यांशी नातं जोडतील.
फॅबला (बोर्ड बनवणारा कारखाना) नुसतं "सहा लेअर, १.६ मिमी" लिहून पाठवलं तर ते त्यांचा ठरलेला स्टॅकअप (थरांची रचना) वापरतात. प्रत्येक प्रीप्रेग आणि कोअरची जाडी, आतलं तांबं अर्धा की एक औंस, हे ड्रॉइंगवर लिहा आणि ट्रेसची रुंदी त्यांच्याच आकड्यांवरून काढा.