युरोपात नोकरी आणि आरोग्य विमा : तुमचे अनुभव लिहा

मावसभाऊ पुढच्या आठवड्यात नोकरीसाठी म्युनिकला निघालाय. बॅगेत भाजणी, क्रोसिन, मेतकूट, सगळं आहे. विम्याचं विचारलं तर म्हणाला, "व्हिसासाठी काढलाय की!" तो नुसता प्रवासाचा विमा. म्हणून हा धागा. तिकडे काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. श्टुटगार्टला नोकरी लागून दोन महिने झाले होते. रात्री पोटात असह्य कळा, 112 या आपत्कालीन नंबरला फोन, अपेंडिक्स. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईंनी फक्त विम्याचं कार्ड मागितलं. डिपॉझिटचा विषयच नाही. साताऱ्याहून आई रडवेली होऊन विचारत होती, "एफडी मोडू का गं?" चार दिवसांचे, रोजचे दहा याप्रमाणे 40 युरो भरले. रजेचा पगारही पूर्ण मिळाला. सरकारी विम्याला पगाराच्या 14.6 टक्के आणि वर आपल्या कासेचा (सरकारी विमा चालवणाऱ्या संस्थेचा) थोडा हिस्सा जातो, निम्मं कंपनी भरते. पहिल्या पगारपत्रकावर ती कपात बघून मी हळहळले होते, त्या रात्रीनंतर कधीच नाही.

उट्रेख्टहून (नेदरलँड्स)
शिकता शिकता कॅफेत काम धरलं. काम सुरू झालं की विद्यार्थ्यालाही डच मूलभूत आरोग्य विमा सक्तीचा होतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. थेट पत्र आलं : तीन महिन्यांत विमा घ्या, नाहीतर दंड. घेतला. कमाई कमी असेल तर हप्त्यासाठी सरकारी भत्ता मिळतो, अर्ज नक्की करा. फॅमिली डॉक्टरकडे जाणं फुकट, पण त्यांनी लिहून दिलेल्या रक्ततपासणीचं बिल घरी येतं. वर्षाचे पहिले 385 युरो आपल्या खिशातून.

बर्लिनहून
मी एकतिसाव्या वर्षी शिकायला आलो. तिशीनंतर सरकारी विम्यात विद्यार्थ्यांचा दर मिळत नाही, म्हणून एजंटने स्वस्त खासगी पॉलिसी गळ्यात मारली. जुना दमा त्यात बसत नाही हे आत बारीक अक्षरात होतं. दोन हिवाळे इनहेलर स्वतःच्या पैशांनी घेतले, कधी कधी एकच पंप पुरवून पुरवून वापरला. नोकरी लागली, सरकारी विमा मिळाला, दम्याबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. ज्यांना जुनं दुखणं आहे त्यांनी सही करण्याआधी पॉलिसी कुणाकडून तरी वाचून घ्याच.

धागाकर्ती
वाचून वाईट वाटलं. जर्मनीत पगार मोठा असेल तर स्वस्त हप्त्यासाठी खासगीकडे वळणाऱ्यांनीही जपून. पंचावन्न उलटल्यावर सरकारी विम्यात परतणं जवळपास अशक्य.

लीड्सहून (इंग्लंड)
मी नर्स, त्यामुळे माझ्या व्हिसाला आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे) माफ. मैत्रीण आयटीत, तिला वर्षाला 1035 पौंड, तेही तीन वर्षांचे एकरकमी, व्हिसाच्या अर्जासोबतच. हा आकडा आधीच धरून ठेवा. आल्या आल्या घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, ताप येईपर्यंत थांबू नका. आणि दातांची कामं निघण्यापूर्वी उरकाच. नवा पेशंट सरकारी दराने घेणारा दंतवैद्य शोधण्यात माझे पाच महिने गेले, दाढ ठणकत असताना.